नेझाचा उतार

मी एक जुना विळा आहे. मित्रांनो, विळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मुठीत मावणारं, उकिडवं बसून चालवायचं हत्यार आलं असेल. मी तसा नाही. माझं पातं दीड हात लांब आहे, दांडा उभ्या माणसाच्या खांद्याला लागतो आणि त्याला दोन मुठी आहेत. मला धरणारा ताठ उभा राहतो, कमरेतून वळतो, आणि मी जमिनीला चाटून अर्धं वर्तुळ फिरून येतो. त्या एका फेरीत पाटीभर गवत आडवं होतं. आयुष्यात मी बसून काही कापलेलं नाही. याचा मला थोडा गर्व आहे, तो आधीच कबूल करून टाकतो.

माझा जन्म नदीकाठच्या एका भट्टीत झाला. तिथे पाण्याच्या चाकावर चालणारा घण होता. त्याच्याखाली मी लाल होऊन निजलो आणि पातळ होऊन उठलो. लोहाराचं नाव मला कधी कळलं नाही. त्याने मला नीट पाणी दिलं, पात्याच्या टाचेवर तीन ठिपके उमटवले आणि मला इतर पात्यांबरोबर गवतात गुंडाळून जत्रेला पाठवलं. तिथे लोव्रो नावाचा एक उंच, अबोल शेतकरी आला. त्याने एकेक पातं उचलून चर्चच्या पायरीवर हलकेच आपटलं आणि कान लावून ऐकलं. सात पाती त्याने खाली ठेवली, आठवा मी होतो. “हा बोलतो,” तो दुकानदाराला म्हणाला, “बाकीचे नुसते वाजतात.” त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

असा मी ग्राबोव्ये गावात आलो. लोव्रोने अंगणातल्या ॲश झाडाचा दांडा करून मला त्यात बसवलं, आणि पुढे त्याची पाठ वाकल्यावर मला त्याच्या मुलाच्या, पोल्देच्या हातात दिलं. पोल्दे तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि बापापेक्षा वीतभर उंच. त्याने माझ्या मुठी वर सरकवल्या, पाचर ठोकली, दोनदा हवेत फिरवून पाहिलं. त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्याचाच आहे.

ते दिवस काय सांगू! गवत कापायचं ते दव असेपर्यंतच. ऊन चढलं की गवत ताठरतं आणि माझा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून पहाटे घराघरांतून छोट्या ऐरणीवर धार ठोकल्याचा आवाज यायचा, आणि आवाजावरून लोक ओळखायचे कोण उठलाय आणि कोण अजून लोळतोय. मग आठ-दहा जण तिरप्या रांगेत कुरणात उतरायचे. पोल्देच्या कमरेला गाईच्या शिंगात पाणी आणि धार लावायचा दगड असायचा. चार पावलं झाली की तो थांबून माझ्यावर दोन्ही अंगांनी दगड फिरवायचा, आणि मागचा ओरडायचा, “पोल्दे, लवकर उरक, नाहीतर तुझी टाच कापतो.” मागून बायका दाताळं घेऊन गवत पसरत यायच्या. न्याहारीला कुट्टूची घट्ट उकड आणि विरजलेलं दूध यायचं, आणि ते घेऊन यायची नेझा.

नेझाशी पोल्देचं लग्न झालं ते मला वाटतं माझ्यामुळेच. म्हणजे असं, की तिला फुलं कापलेली आवडायची नाहीत. उकडीचं भांडं खाली ठेवून ती रांगेच्या पुढे चालत जायची आणि जिथे रानटी कार्नेशनचा ताटवा दिसेल तिथे डहाळी खोचून ठेवायची. ती फुलं म्हणजे नखाएवढी, गडद गुलाबी, कडांना कातरलेली. पोल्दे डहाळीपाशी आला की मला उचलायचा, वळसा घालायचा आणि पुन्हा सुरू करायचा. त्यामुळे अख्ख्या कुरणात त्याची एकट्याची ओळ वाकडी यायची. गावाने त्याला भरपूर चिडवलं. “हिच्यापायी माझी अब्रू गेली,” असं तो कुरकुरायचा आणि पुढच्या वर्षी परत वळसा घालायचा.

अब्रू हा शब्द त्याने उगाच वापरला नव्हता. आमच्या गावात कापलेलं कुरण म्हणजे घराची अब्रू. कुणाचं गवत वेळेवर कापलं नाही, तर तिथे आजारपण आहे, भांडण आहे किंवा बाटली आहे, असं धरून चालतात. आणि म्हणूनच गावात एक रीत आहे. एखाद्याच्या घरी दुखणं आलं, मृत्यू झाला, तर कुणीतरी पहाटे उठून त्याचं कुरण कापून ठेवतं. कोणी कापलं हे विचारायचं नाही, सांगायचं नाही, आभारही मानायचे नाहीत. मदत हवी का असं विचारणं म्हणजे त्या माणसाला त्याची अडचण तोंडावर सांगणं. पोल्देने आणि मी अशी किती कुरणं कापली असतील, आणि दुपारी त्याच घरी बसून हवापाण्याच्या गप्पा मारल्या असतील.

मग इंजिनवाली यंत्रं आली. पोल्देनेही एक घेतलं, लाल रंगाचं, आणि मला कोझोलेत्सच्या खांबाला टांगलं. कोझोलेत्स म्हणजे गवत वाळवायचा आमचा लाकडी मांडव. तिथे मी पस्तीस वर्षं लटकलो. पहिली काही वर्षं पोल्दे येता-जाता माझ्याकडे बघायचा. नंतर तेही थांबलं. कोंबड्या माझ्या दांड्यावर बसायच्या आणि बसल्यावर कोंबड्या जे करतात ते करायच्या. माझ्या पात्यावर गंज चढला. लाल यंत्र धुराचा भपकारा सोडत समोरून जायचं तेव्हा मी मनातल्या मनात त्याला नको ते बोलायचो.

पण कोझोलेत्सच्या खांबावरून गाव छान दिसायचं, आणि गाव बदलत होतं. त्याची सुरुवात नेझाने केली. चौकातल्या हौदाचं पाणी आटलं होतं आणि त्यात लोक सिगारेटची थोटकं टाकायचे. तिने एका शनिवारी तो खरवडून काढला, माती भरली आणि जिरॅनियम लावलं. पुढच्या शनिवारी शेजारणीने खिडकीत कुंड्या मांडल्या, कारण नेझाच्या हौदासमोर तिची खिडकी भकास दिसत होती. मग तिच्या शेजारणीने मांडल्या. दहा वर्षांत अशी परिस्थिती आली, की खिडकीत फूल नसलेल्या घरातला माणूस मान खाली घालून चालायचा. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकजण आपल्या दारापुढचा रस्ता झाडायचा आणि हद्दीच्या पुढे एक झाडूभर शेजाऱ्याचाही झाडायचा. नेझा दोन झाडू झाडायची.

खानावळवाला गाश्पर हा तर फुलांनी पछाडलेला माणूस. गावाच्या समितीचा तो प्रमुख झाला आणि त्याने बसथांब्यावर, दूधकेंद्रावर, अग्निशमनाच्या गाडीवरसुद्धा कुंड्या टांगल्या. एकदा तो माझ्यासाठी आला होता. माझ्या पात्यावर कार्नेशन रंगवून मला खानावळीत दारूच्या बाटल्यांवर टांगायचा त्याचा विचार होता. “माझ्या विळ्याला लिपस्टिक नको,” पोल्दे म्हणाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

आता त्या उताराबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. आमचं चर्च टेकाडावर आहे आणि त्याच्याखाली रस्त्यापर्यंत गवताचा उभा उतार आहे. गावात येणाऱ्याला सगळ्यात आधी तोच दिसतो. तो कापायचं काम पोल्देचं. त्याच्यावर कुणी सोपवलं नव्हतं, त्यानेच घेतलं होतं. लाल यंत्र तिथे घसरायचं, म्हणून ते दोराने बांधून तो वरून खाली सोडायचा आणि पुन्हा ओढायचा. उन्हाळ्यातून तीनदा. कापून झालं की उतार पाट्यासारखा गुळगुळीत दिसायचा. पोल्दे घाम पुसत घरी यायचा, खिडकीशी उभा राहून म्हणायचा, “बघ, कसा दिसतोय.” नेझा बघायची आणि म्हणायची, “छान दिसतोय.” इतकंच.

नेझा गेली ती मार्चमध्ये. हिवाळाभर ती त्या खिडकीशी बसून होती. तिच्या दफनानंतर पोल्दे समितीच्या बैठकींना जायचा थांबला, खानावळीत जायचा थांबला, दाढी करायचाही जवळजवळ थांबला. जूनमध्ये एका सकाळी तो उठला तेव्हा घरामागचं त्याचं कुरण कापलेलं होतं. एकाच्या नाही, चार-पाच जणांच्या विळ्यांच्या ओळी होत्या. तो बराच वेळ दारात उभा राहिला. रीत होती, त्यामुळे त्याने कुणाला विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो दाढी करू लागला, हे मी पाहिलं.

त्याच वर्षी आमच्या गावाचं नशीब उघडलं. फुलांच्या आणि हिरवाईच्या स्पर्धेत सगळ्या युरोपातली गावं असतात आणि आमच्या देशातर्फे ग्राबोव्येचं नाव गेलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात परीक्षक येणार होते. गाश्परला झोप लागेना. त्याने चौकातल्या लिंडन झाडाखालचा बाक दोनदा रंगवला, कोंबड्या कोंडून ठेवायची ताकीद दिली, आणि कुणाची कुंडी सुकलेली दिसली की घरात शिरून मालकालाच पाणी घालायला लावलं. समितीचा खरा मेंदू मात्र येरित्सा होती. नेझाची ही धाकटी बहीण, चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. जीभ तिखट, पण रोज सकाळी पाच वाजता झारी घेऊन गावाच्या कुंड्यांना पाणी घालणारी तीच.

उतार त्या वर्षी कापला गेला नव्हता. मे गेला, जून गेला. गवत मांडीपर्यंत आलं. पोल्दे खिडकीतून बघायचा आणि अस्वस्थ व्हायचा. एकदा तो लाल यंत्राला दोर बांधत असताना येरित्सा फाटकात आली आणि म्हणाली, “यंदा त्या उताराची तुम्ही काळजी करू नका, भावोजी.” एवढं बोलून ती झटकन वळून गेली. वळल्यावर तिने बाहीने डोळे पुसले, ते मला वरून दिसलं. पोल्देला तिची पाठ दिसली.

त्याने काय समजायचं ते समजलं. त्याला वाटलं, ही मला म्हातारा समजून सूट देतेय. बहीण गेल्यामुळे हिचं स्वतःचं लक्ष ठिकाणावर नाही, गाश्पर कुंड्यांत बुडालाय, आणि उतार तसाच राहिलाय. परदेशातली माणसं येणार आणि गावाच्या तोंडावरच वाढलेली दाढी बघणार. विचारायचं कसं? विचारलं तर तिला लाज वाटेल. माझं कुरण कापताना मला तरी कुणी विचारलं होतं?

परीक्षक यायच्या आदल्या दुपारी तो कोझोलेत्सपाशी आला आणि त्याने मला खाली काढलं. यंत्राचा आवाज गावभर गेला असता, म्हणून मी. मित्रांनो, पस्तीस वर्षांनी त्या हातांचा स्पर्श झाला. हात खरखरीत झाले होते, पण पकड तीच होती. तळघराचं दार लावून त्याने माझा गंज काढला, ऐरणीवर माझी धार सूत-सूत ठोकत आणली, पाचर नवी केली. अंगठ्याच्या नखावर धार तपासली आणि स्वतःशीच मान हलवली. मला एवढा आनंद झाला होता की दुसरं काही सुचत नव्हतं.

झुंजुमुंजू झालं तेव्हा आम्ही उतारावर होतो. दव मनासारखं पडलं होतं. पहिल्या फेरीला पोल्देचा खांदा कुरकुरला, दुसरीला सैल झाला, आणि दहाव्या फेरीपर्यंत तो पुन्हा एकोणीस वर्षांचा झाला. गवत सुस्कारा टाकून आडवं होत होतं. अंधुक उजेड होता, त्याची नजर अधू, आणि चष्मा घरी टेबलावर. पण माझं काय? मी तर जमिनीलगत होतो. मला समोरचं दिसत होतं. घंटीफुलं होती, मधमाशीच्या रूपाची ऑर्किड होती, आणि जागोजागी, वर्षानुवर्षांत पाहिली नव्हती इतकी, ती नखाएवढी गुलाबी फुलं होती. मी त्यांना ओळखलं. तरी मी एकदाही अडखळलो नाही. एखाद्या दगडावर आपटून बोथट झालो असतो तरी पोल्दे थांबला असता. पण मला कापायचं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

सूर्य वर आला तेव्हा उताराचा मोठा भाग संपला होता. वरच्या अंगाला एक पट्टा उरला होता. तेवढ्यात रस्त्यावरून येरित्सा झारी घेऊन आली. ती थांबली. झारी कलंडून पाणी तिच्या बुटांवर सांडत होतं आणि तिला कळत नव्हतं.

“भावोजी, थांबा.”

पोल्देने हातातली फेरी पुरी केली आणि वळून हसला. मार्चनंतर पहिल्यांदा हसला. “उठलीस का, मास्तरीणबाई? मला वाटलं तू यायच्या आत होईल. जा, तुझ्या कुंड्या बघ. मी कुणाला सांगणार नाही.”

येरित्सा कापलेल्या गवतावर मटकन बसली. तिने ओंजळभर गवत उचललं आणि त्यातलं एकेक फूल वेचून मांडीवर ठेवू लागली. पोल्देचं हसू हळूहळू विरलं.

“हा उतार नेझाने मागितला होता,” ती म्हणाली.

“मागितला होता म्हणजे?”

“एक उन्हाळा. एकदा तरी याला बी धरू दे, म्हणाली. तुम्ही तीन-तीनदा कापता, बी पडायच्या आत कापता, दर वर्षी फुलं कमी होतात. खिडकीत बसून मोजायची ती. शेवटच्या वर्षी नऊ होती.”

“मला कधी बोलली नाही.”

“कशी बोलेल? उतार कापून आलात की तुमचा चेहरा कसा व्हायचा, ते बघायची ना.”

पोल्देने टोपी काढली. “आणि तू? तू तरी सांगायचंस.”

“सांगितलं की. काळजी करू नका, म्हणाले.”

“अगं, ते तर दफनापासून सगळेच म्हणतायत मला.”

पोल्देने मला दोन्ही हातांत आडवं धरलं. मला वाटलं, आता हा मला गुडघ्यावर घेऊन मोडणार. मोडलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण त्याने गवताच्या मुठीने माझं पातं पुसलं आणि मला चर्चच्या आवाराच्या भिंतीला टेकवून ठेवलं. मग तोही येरित्साशेजारी बसला आणि फुलं वेचू लागला. वेचून त्यांचं काय करायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

गाश्पर धापा टाकत आला तेव्हा आठ वाजले होते. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आधी उतारावर दोनशे कुंड्या मांडू या म्हटलं. मग त्याला युक्ती सुचली: पाहुण्यांना सांगायचं की जुन्या पद्धतीने गवत कसं कापतात हे दाखवायलाच मुद्दाम कापलं, परंपरा म्हणून. तो एवढा खूश झाला की पोल्देला भरतकामाचं जाकीट घालून यायला सांगू लागला. पोल्दे म्हणाला, “मी जे केलं ते मीच सांगीन.” गाश्परने येरित्साकडे पाहिलं. तिने नाही अशी मान हलवली, आणि तिच्यापुढे गाश्परचं कधीच काही चाललेलं नाही.

दहा वाजता परीक्षक आले. तिघं होते. दोघं पुरुष चौकातली फुलं आणि पोतित्सा नावाचा अक्रोडाचा गोड पाव बघून हरखले. तिसरी एक सत्तरीची बाई होती, पायात रबरी बूट घातलेली. ती थेट उताराकडे आली, कारण गावाच्या समितीने स्पर्धेला पाठवलेल्या कागदात या उताराबद्दल सगळ्यात जास्त लिहिलेलं होतं. येरित्साला जर्मन येत होतं, तिने भाषांतर केलं. पोल्दे टोपी हातात धरून उभा राहिला आणि त्याने सरळ सांगून टाकलं, की कागदात लिहिलंय ती फुलं होती, आज पहाटे मी कापली, गावाचा यात दोष नाही.

बाई गुडघ्यावर बसली. तिने आडव्या गवतातून काही बोंडं तोडून तळहातावर चुरडली. काहींतून काळं बी निघालं, बरीच अजून हिरवी होती. या गवताचं आता काय करणार, असं तिने विचारलं.

“कुठे नेणार नाही,” पोल्दे म्हणाला. “इथेच वाळवणार. तीन दिवस हळूहळू उलटं करत राहीन. जे पिकलंय ते इथेच गळेल, आणि देठात रस आहे तोवर जरा कच्चंही पिकतं.”

“आणि वरचा पट्टा?”

“त्याला हात लावणार नाही.”

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मग वही मिटून तिने विचारलं, की का कापलंत? पोल्दे हातातली टोपी फिरवत राहिला. येरित्साने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या वतीने ती बरंच काही बोलली, जर्मनमधून, ते मला समजलं नाही. फक्त बोलता बोलता तिने एकदा घरामागच्या कुरणाकडे हात केला. परदेशी बाईने पोल्देच्या दंडावर क्षणभर हात ठेवला आणि ती पुढच्या रस्त्याला लागली.

शरद ऋतूत निकाल लागला. सुवर्ण हुकलं, रौप्य मिळालं. आणि उतारामुळेच हुकलं, असं निकालाच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं. गाश्परने पंधरा दिवस तोंड फुगवलं, मग रौप्याची पाटी चौकात लावली आणि ती रोज पुसू लागला. खानावळीत पोल्देला टोमणे बसायचे. “पोल्दे, माझी दाढी फार वाढलीय रे, पहाटे येऊन जा.” तो ऐकून घ्यायचा. टोमणे मारणारी माणसं माया करतात, हे त्याला ठाऊक होतं.

त्याला बोचत होती ती येरित्सा. ते तीन दिवस ती दाताळं घेऊन आली होती. दोघांनी गवत उलटलं, झटकलं, पुन्हा पसरलं. त्यानंतर ती आलीच नाही. नेझा असताना आणि नेझानंतरही दर रविवारी चर्चहून परतताना ती पोल्देकडे कॉफीला थांबायची, आता ती समोरच्या बाजूने जायची. भांडण नव्हतं. रस्त्यात भेटली की बोलायची. पण रविवारी पोल्दे दोन कप मांडायचा आणि एक तसाच उचलून ठेवायचा. सबंध हिवाळा असा गेला. मला त्याने आता कोझोलेत्सवर नाही, घराच्या पडवीत टांगलं होतं, पात्याला तेल लावून. तेल लावलं, तरी माझ्या मनाला काही चैन नव्हतं.

पुढच्या वर्षी स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते. तरी जूनमध्ये उताराला कुणी हात लावला नाही. वरच्या पट्ट्यात घंटीफुलं दाटली. खालच्या, आम्ही कापलेल्या भागात मात्र गवतच दिसत होतं. पोल्दे रोज संध्याकाळी जाऊन बघायचा. एका संध्याकाळी चष्मा लावून तो चक्क पालथा झोपला. चर्चहून येणाऱ्या दोन बायकांना वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. त्या धावत गेल्या, तर तो म्हणाला, “हळू, पाय बघून ठेवा.” त्याच्या नाकाशी चार पानांचं एक रोप होतं, आणि जरा पलीकडे कळी धरलेलं दुसरं. मग गावातली माणसं तिथून जाताना हळू चालू लागली. कुणी बाक आणून ठेवला. पोल्देचे हात गवत कापायला शिवशिवत असणार, मी त्याला ओळखतो. तो ते हात मांडीखाली घालून बाकावर बसायचा.

ऑगस्ट संपत आला तेव्हा बोंडं तपकिरी झाली. आता मात्र उतार कापायलाच हवा होता, कारण गवत कुजून बसलं तर बी मातीपर्यंत पोहोचत नाही. पोल्देने मला काढलं. या वेळी तळघरात नाही, भर सकाळी अंगणात ऐरण ठेवून त्याने माझी धार ठोकली, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी. मग मला खांद्यावर टाकून तो निघाला. मला वाटलं उताराकडे जाणार. तो येरित्साच्या फाटकाशी गेला.

ती जिरॅनियमची सुकलेली फुलं खुडत होती. तिने वर पाहिलं. पोल्देने टोपी काढली. त्याला बोलायला वेळ लागला, कारण आमच्या गावात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही.

“येरित्सा,” तो म्हणाला, “कापू का?”

तिने हातातली फुलं खाली टाकली आणि ती आमच्याबरोबर चालत उतारावर आली. खालून वर, पूर्ण फिरली. जागोजागी वाकून बोंडं फोडून पाहिली. पोल्दे शाळेतल्या पोरासारखा मागे उभा होता आणि मीही खांद्यावर श्वास रोखून होतो.

“खालचं कापा,” ती शेवटी म्हणाली. “वरच्या कोपऱ्यातलं अजून कच्चं आहे. त्याला आठ दिवस द्या.”

“देतो.”

“मी दाताळं घेऊन येते. आणि भावोजी, कॉफी मी करून आणते. तुमची कडू होते.”

मित्रांनो, कोणतंही जुनं हत्यार तुम्हाला सांगेल, की मला तेल लावा, कोरड्या जागी टांगा, कोंबड्यांपासून जपा. मीही ते सांगतोच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याच्यासाठी काही करायला निघाल, तेव्हा आधी त्याच्या दारात जा आणि विचारा. तो नको म्हणेल, थांब म्हणेल, हसेल कदाचित. थोडं लाजायला होईल. पण मी पहाटे गुपचूप जे कापलं, ते मला कुठल्याही धारेने पुन्हा जोडता आलं नाही.

खालचा भाग त्या दिवशी आम्ही कापला. वरच्या कोपऱ्यासाठी पोल्दे थांबला. आठव्या दिवशी तो मला घेऊन पुन्हा येरित्साच्या फाटकाशी गेला, आणि त्याने पुन्हा विचारलं.